हमीदा बानू (कुस्तीगीर)

हमीदा बानू (मृत्यू: १९८६) या भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला कुस्तीगीर मानल्या जातात. मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या असलेल्या हमीदा बानू यांनी १९४० आणि १९५० च्या दशकांत पुरुष मल्लांशी जाहीर कुस्त्या केल्या. वृत्तपत्रांतून त्यांचा उल्लेख अलीगढची ॲमेझॉन असा होत असे. त्यांच्या कुस्त्यांना मोठी गर्दी जमे; मात्र मुंबई राज्यातील पुणे व कोल्हापूर या शहरांत त्यांना तीव्र विरोध झाला आणि त्यांच्या विजयांवर बनावटपणाचे आरोपही झाले. त्यांचे उत्तरायुष्य ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे गेले.

== प्रारंभिक जीवन ==
हमीदा बानू यांचा जन्म विसाव्या शतकाच्या प्रारंभी मिर्झापूर येथे झाला. त्या काळी तालीम हे केवळ पुरुषांचे क्षेत्र होते. स्थानिक लोकांच्या सनातनी दृष्टिकोनामुळे त्यांना मिर्झापूर सोडावे लागले. पुढे त्या अलीगढ येथे आल्या आणि सलाम पहिलवान या वस्तादांच्या मार्गदर्शनाखाली कुस्तीचे शिक्षण घेऊ लागल्या.

त्यांची उंची सुमारे १.६ मीटर आणि वजन १०८ किलो होते. वृत्तपत्रे त्यांच्या कुस्तीइतकीच त्यांच्या खुराकाचीही चर्चा करीत. दररोज ५.६ लिटर दूध, २.८ लिटर सूप, सुमारे १.८ लिटर फळांचा रस, एक कोंबडी, जवळपास १ किलो मटण, अर्धा किलो लोणी, ६ अंडी, बदाम, दोन मोठे पाव आणि दोन ताटे बिर्याणी असा त्यांचा आहार असल्याचे छापून आले होते. त्या दिवसाचे ९ तास झोप घेत आणि ६ तास मेहनत करीत, असेही वर्णन आढळते.

== कारकीर्द ==
१९४४ साली मुंबईत गुंगा पहिलवान यांच्याशी त्यांची कुस्ती ठरली होती. ती पाहण्यासाठी सुमारे २०,००० प्रेक्षक जमले. परंतु गुंगा पहिलवान यांनी अधिक मानधन आणि तयारीसाठी अधिक वेळ मागितल्याने ही कुस्ती ऐनवेळी रद्द झाली. संतप्त प्रेक्षकांनी स्टेडियमची मोडतोड केली.

फेब्रुवारी १९५४ मध्ये हमीदा बानू यांनी पुरुष मल्लांना जाहीर आव्हान दिले. जो मल्ल आपल्याला कुस्तीत हरवील त्याच्याशी आपण विवाह करू, असे त्यांनी घोषित केले. त्यानंतर त्यांनी पतियाळा व कोलकाता येथील दोन पुरुष विजेत्यांना पराभूत केले. त्याच वर्षी मे महिन्यात त्या बडोद्याला गेल्या. तेथे बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेल्या छोटे गामा पहिलवान यांच्याशी त्यांची जोड ठरली होती. मात्र छोटे गामा यांनी आयत्या वेळी माघार घेतली. त्यांच्या जागी उतरलेल्या बाबा पहिलवान यांना हमीदा बानू यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत हरवले. या पराभवानंतर बाबा पहिलवान व्यावसायिक कुस्तीतून निवृत्त झाले.

१९५४ मध्येच मुंबईत झालेल्या कुस्तीत त्यांनी रशियन महिला मल्ल व्हेरा चिस्टिलिन यांना एका मिनिटाच्या आत हरवले. तोवर आपण ३२० कुस्त्या जिंकल्या असल्याचा त्यांचा दावा होता.

== महाराष्ट्रातील विरोध ==
पश्चिम महाराष्ट्रात कुस्तीला राजाश्रय आणि लोकाश्रय दोन्ही लाभले होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ पासून मल्लविद्येचे केंद्र होते. पुणे शहरातील तालमींपासून शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांतील गावोगावच्या यात्रांपर्यंत कुस्तीचे फड भरत. या परंपरेत स्त्रीने पुरुष मल्लाशी हात मिळवणे अनेकांना मान्य नव्हते.

पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती शहरातील कुस्तीचे नियंत्रण करणाऱ्या राष्ट्रीय तालीम संघाच्या आक्षेपामुळे रद्द करावी लागली. कोल्हापुरात त्यांनी एका पंजाबी मल्लाचा पराभव केला, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि त्यांच्यावर दगडफेक केली. जमावाला आवरण्यासाठी पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला.

व्यावसायिक कुस्तीत त्या काळी नायक आणि खलनायक अशा भूमिका ठरवून प्रेक्षकांपुढे आणल्या जात. किंग काँग या नावाने उतरणारे अजस्र देहाचे एमिल झाया हे खलनायकी भूमिकेसाठी भारतात प्रसिद्ध होते. हमीदा बानू यांनी अशी भूमिका घेतलेली नव्हती. कोल्हापुरात जिंकल्यामुळेच त्या प्रेक्षकांच्या रोषाच्या धनी झाल्या. हरलेला मल्ल पुरुष असल्याने त्यांचा विजय काहींना मल्लविद्येचा अपमान वाटला, तर काहींना ती लुटुपुटीची कुस्ती वाटली.

== बनावट कुस्त्यांचा आरोप ==
मुंबई राज्यात त्यांच्या पुरुषांशी होणाऱ्या कुस्त्यांवर बंदी आली. हमीदा बानू यांनी याविषयी तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. ही बंदी त्या स्त्री असल्यामुळे घातलेली नाही, असे उत्तर देसाई यांनी दिले. आयोजक त्यांच्यासमोर नावापुरते मल्ल उभे करतात, अशा तक्रारी आल्यामुळे बंदी घातल्याचे त्यांनी कळवले.

व्यावसायिक कुस्तीत तिकीट विक्रीसाठी निकाल आधी ठरवण्याची पद्धत अस्तित्वात असल्याने अशा तक्रारी केवळ हमीदा बानू यांच्यापुरत्या मर्यादित नव्हत्या. तथापि, स्त्री मल्लाचा विजय खरा असू शकतो यावरच अनेकांचा विश्वास नसल्याने त्यांच्याबाबतीत संशय अधिक तीव्र होता. त्यांच्या कोणत्या कुस्त्या निकाली होत्या आणि कोणत्या ठरवून झाल्या, याविषयी एकमत नाही.

== उत्तरायुष्य ==
१९५४ मध्ये हमीदा बानू यांनी युरोपात जाऊन तेथील मल्लांशी लढण्याचा मनोदय जाहीर केला. त्यानंतर लवकरच त्यांचे नाव कुस्तीच्या बातम्यांतून नाहीसे झाले. त्यांच्या परिचितांच्या आठवणींनुसार, युरोपला जाण्याचा हा बेत सलाम पहिलवान यांना मान्य नव्हता आणि त्यांनी केलेल्या मारहाणीत हमीदा बानू यांचे हात व पाय मोडले. पुढे अनेक वर्षे त्यांना काठीच्या आधाराशिवाय चालता येत नव्हते, असेही सांगितले जाते. हमीदा बानू आणि सलाम पहिलवान यांच्या नात्याविषयी दोन्हींकडील कुटुंबीयांच्या आठवणी परस्परांशी जुळत नाहीत.

सलाम पहिलवान अलीगढला परतल्यावर हमीदा बानू कल्याणमध्येच राहिल्या. दूध विकून, घरे भाड्याने देऊन आणि पैसे संपल्यावर रस्त्याच्या कडेला खाद्यपदार्थ विकून त्यांनी उदरनिर्वाह केला. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

== वारसा ==
उर्दू लेखिका कुर्रतुलऐन हैदर यांच्या डालनवाला या कथेत हमीदा बानू यांच्या मुंबईतील कुस्तीचा उल्लेख आहे. महिला कुस्तीचा ऑलिंपिक स्पर्धांत समावेश २००४ साली अथेन्स येथे झाला आणि २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिक यांनी या खेळात भारतासाठी कांस्यपदक मिळवले. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तिच्या अंतिम लढतीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी यांनी कल्याणच्या वैष्णवी पाटील यांचा पराभव केला. पश्चिम महाराष्ट्रातील यात्रांच्या फडांतही आता मुलींच्या जोडी लावल्या जातात.

४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर विशेष डूडल प्रसिद्ध करून हमीदा बानू यांना आदरांजली वाहिली.