पडद्यावरून भिंतीवर : बाबूराव पेंटर

जत्रेतील नाटकात रंगवलेला पडदा उलगडला, की क्षणात राजवाडा किंवा अरण्य समोर उभे राहते. ही किमया गोमंतकीय रसिकाला परिचयाची आहे. असे पडदे रंगविणाऱ्या एका कोल्हापूरकर कलावंताने पुढे हिंदुस्थानात सचित्र चित्रपट-भित्तिपत्रकाचा पाया घातला. ते कलावंत म्हणजे बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी स्वप्रयत्नाने आत्मसात केली. नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासमवेत ते संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवू लागले आणि ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले. सपाट कापडावर खोली भासविण्याची आणि शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही प्रसंग उमगेल असे चित्र काढण्याची दीक्षा त्यांना रंगभूमीनेच दिली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि दोघेही बंधू चलच्चित्राच्या ध्यासाने झपाटले. स्वतःचा कॅमेरा घडविण्याची खटपट चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. त्या आघातानंतरही बाबूरावांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेरा सिद्ध केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ रसिकांपुढे आणला.

ज्या रंगीत पडद्यांनी नाव मिळवून दिले, त्यांनाच बाबूरावांनी चित्रपटात निरोप दिला. पात्रांना वावरता येईल असे भरीव नेपथ्य ते उभारू लागले. त्यांचा कुंचला मात्र थांबला नाही. तो भित्तिपत्रकांकडे वळला. शब्दांनी भरलेली जाहिरात निरक्षर माणसाला मुकी होती. बाबूरावांनी तिच्यात माणसे आणली. चेहरा, पेहराव आणि आविर्भाव यांतून कथा रस्त्यावरच बोलू लागली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे त्यांचे भित्तिपत्रक देशातील उपलब्ध सर्वांत जुन्या सचित्र चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते.

बोलपटांच्या काळात ते पुन्हा चित्रकला व शिल्पकलेत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या फिती आज नष्ट झाल्या आहेत. चार दिवसांच्या जाहिरातीसाठी रंगविलेला कागद मात्र टिकून राहिला आणि त्यावर त्यांच्या हाताची ओळख उरली.