चार्ल्स स्कॉट शेरिंग्टन

सर चार्ल्स स्कॉट शेरिंग्टन (जन्म : लंडन, २७ नोव्हेंबर १८५७, मृत्यू : ईस्टबोर्न, ४ मार्च १९५२) हे इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक होते. मेंदू व मेरुरज्जू शरीराच्या हालचालींचे नियंत्रण कसे करतात, याच्या आधुनिक अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. चेतापेशींच्या कार्याविषयीच्या संशोधनासाठी त्यांना १९३२ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्यासह विभागून मिळाले.

जीवन

शेरिंग्टन यांचे शिक्षण इप्सविच, केंब्रिज व लंडन येथे झाले. १८८४ साली त्यांनी जॉन लँगली यांच्यासह पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. मेंदूचा काही भाग काढलेल्या कुत्र्याच्या चेतासंस्थेचे परीक्षण हा त्याचा विषय होता. आरंभी ते रोगविज्ञानाकडे वळले. १८८५ साली पटकीच्या अभ्यासासाठी ते स्पेनला गेले व पुढे बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्याकडे शिकले. १८९४ साली घटसर्पाने अत्यवस्थ झालेल्या नात्यातील एका मुलाला त्यांनी घोड्यापासून स्वतः तयार केलेली प्रतिविषलस टोचली, मुलगा वाचला. १८९५ साली ते लिव्हरपूल येथे व १९१३ साली ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक झाले.

संशोधन

पायात काटा रुतताच पाय मागे घेतला जातो. हा आदेश मेंदूची वाट न पाहता मेरुरज्जूतूनच निघतो. त्या वेळी गुडघा वाकवणारे स्नायू आकुंचन पावतात, तर तो सरळ करणारे स्नायू सैल पडतात; दुसरा पाय भार पेलण्यासाठी ताठ होतो. स्नायू सैल पडणे म्हणजे केवळ आदेशाचा अभाव नसून ते चेतासंस्थेने केलेले सक्रिय निरोधन आहे, हे शेरिंग्टन यांनी प्रयोगांनी दाखवले. धनुर्वाताचे विष व कुचल्याच्या बियांतील स्ट्रिक्निन हे निरोधनच मोडून काढतात. त्यामुळे परस्परविरोधी स्नायू एकदम आवळले जातात व रुग्णाचा जबडा बसतो.

मेंदू, त्वचा व स्नायू यांकडून येणारे उत्तेजक व निरोधक संदेश अखेर मेरुरज्जूतील प्रेरक चेतापेशीत एकत्र येतात. तिच्या तंतूला त्यांनी अंतिम समान मार्ग मानले. चेतापेशींच्या संधिस्थानासाठी ‘सिनॅप्स’ ही संज्ञा त्यांनी १८९७ साली रूढ केली. डोळे मिटूनही हातापायांची स्थिती कळते, ती स्नायू व सांध्यांतून येणाऱ्या संवेदनांमुळे, हेही त्यांनी विशद केले. वरच्या मेंदूचा संबंध तोडलेल्या प्राण्याचे पाय लुळे न पडता ताठरतात, हे त्यांनी १८९८ साली नोंदवले. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या अवयवांतील ताठरपणा समजून घेण्यास या निरीक्षणाची मदत झाली.

ग्रंथ व सन्मान

‘द इंटिग्रेटिव्ह ॲक्शन ऑफ द नर्व्हस सिस्टिम’ (१९०६) आणि ‘मॅन ऑन हिज नेचर’ (१९४०) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. त्यांनी काव्यलेखनही केले. १९२० ते १९२५ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९२२ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांच्या शिष्यांपैकी जॉन एकल्स, रॅग्नर ग्रॅनिट व हॉवर्ड फ्लोरी हे पुढे नोबेलचे मानकरी ठरले.