दिवा आणि वही

घरात कोणी आजारी पडले की तुमची अम्मी किंवा दादी रात्रभर त्याच्या उशाशी बसते. उर्दूत या कामाला तुम्ही तीमारदारी म्हणता. मराठीत त्याला शुश्रूषा म्हणतात आणि शुश्रूषा करणारी ती परिचारिका. दवाखान्यात आपण तिला सिस्टर म्हणून हाक मारतो. शुश्रूषेला माया लागते हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिला वही आणि हिशेबही लागतो, हे जगाला पटवून देणाऱ्या एका बाईंची ही हकीकत आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील इंग्रज आणि श्रीमंत. त्यांनी शहराचेच नाव मुलीला ठेवले. वडील मुलींना घरीच शिकवत. फ्लॉरेन्सला गणिताची फार गोडी होती. मोठी झाल्यावर तिने रोग्यांची सेवा करायचे ठरवले, तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी इंग्लंडमध्ये हे काम चांगल्या घरच्या मुलींचे समजत नसत. आई आणि बहीण कित्येक वर्षे अडून बसल्या. फ्लॉरेन्स पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे अहवाल वाचत असे. अखेर १८५१ मध्ये तिला जर्मनीत कैसर्सवर्थ येथे जाऊन तीन महिने हे काम शिकता आले. १८५३ मध्ये ती लंडनमधील एका लहान रुग्णालयाची प्रमुख झाली.

त्याच वर्षी रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. हे क्रिमियाचे युद्ध. पुढे इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने उतरले. जखमी आणि आजारी इंग्रज सैनिकांना जहाजांतून काळ्या समुद्रापलीकडे, इस्तंबूलजवळच्या उस्कुदार येथे आणत. तुर्की फौजेची एक प्रचंड मोठी बराक तेथे इस्पितळ म्हणून वापरात होती. इंग्रज मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून फ्लॉरेन्स ३८ परिचारिका घेऊन ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तेथे पोहोचल्या.

तेथे काय दिसले? जमिनीवर ओळीने पडलेली माणसे, उवा, घाण, अपुरे कपडे. इमारतीखालची गटारे तुंबलेली. फ्लॉरेन्स यांनी स्वयंपाकघर उभे केले, कपडे धुण्याची सोय केली. रात्री हातात दिवा घेऊन त्या रोग्यांमधून फेरी मारत. चित्रांत हा दिवा अलाउद्दीनच्या चिरागासारखा काढलेला असतो. तो काही खरा नाही. त्यांच्या हातात घडीचा तुर्की कंदील असे आणि त्याचे नाव होते फानूस. हा शब्द तुम्हांला नवा नाही.

दिव्याची ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत येथेच संपते. खरी अवघड गोष्ट मात्र पुढे आहे. इतकी मेहनत होऊनही माणसे मरतच राहिली. त्या एका हिवाळ्यात उस्कुदारला चार हजारांहून अधिक सैनिक दगावले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर इस्पितळातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. जखमांनी मेलेले थोडेच होते. कॉलरा, हगवण आणि तापाने मेलेले फार. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य पाहणी करणारे पथक आले. त्याने गटारे उपसली, पाण्याची व्यवस्था सुधारली, हवा खेळती केली. जूनमध्ये प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल मजीद यांनी फ्लॉरेन्स यांना हिऱ्यांचे कंकण भेट दिले. इंग्लंडमध्ये घरोघरी त्यांचे नाव झाले. पण १८५६ मध्ये त्या परतल्या त्या गुपचूप, कोणताही सत्कार न घेता. मेलेल्या सैनिकांचा विचार त्यांच्या मनातून जात नव्हता. ती माणसे कशाने मेली, हे त्यांना शोधून काढायचे होते.

तुम्ही म्हणाल, वही उघडली की कळेल. पण इस्पितळात मृत्यूंच्या तीन निरनिराळ्या नोंदी होत्या आणि तिन्हींचे आकडे वेगळे! फ्लॉरेन्स यांनी आकडेशास्त्राचे जाणकार विल्यम फार यांच्या मदतीने हिशेब लावला. १८५८ मध्ये त्यांनी एक आकृती छापली. वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा भाग. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेल्या मृत्यूंचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. आकृतीत निळाच निळा दिसतो. ज्या मंत्र्यांना आकड्यांची रांग वाचण्याचा कंटाळा, त्यांनाही ती एका नजरेत समजली. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तेथे निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

त्यांची एक चूकही सांगायला हवी. रोग घाणेरड्या हवेतून होतो असे त्या मानत आणि जंतूंची गोष्ट त्यांनी पुष्कळ वर्षे मान्य केली नाही. कारण चुकीचे होते, पण गटार साफ करण्याचा उपाय बरोबर ठरला.

हे सारे काम त्यांनी केले कोठून? बहुतेक अंथरुणावरून. युद्धाच्या काळात, मे १८५५ मध्ये, त्यांना कडक ताप आला होता. तो ब्रुसेलोसिस असावा, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. जनावरांच्या कच्च्या दुधातून तो होतो आणि वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उलटतो. १८५७ पासून त्या वारंवार आजारी पडू लागल्या. पुढे पाठीच्या दुखण्याने काही वर्षे चालणेही अशक्य झाले. म्हणजे शुश्रूषा शिकवणाऱ्या बाई स्वतःच दीर्घकाळच्या रोगी होत्या.

शुश्रूषेवरचे त्यांचे छोटे पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघाले. ते वाचताना हे सारखे जाणवते. दाराबाहेर कुजबुजू नका, रोग्याला त्याचा त्रास होतो. त्याच्याशी बोलताना त्याला दिसेल असे बसा, त्याला मान वळवायला लावू नका. लवकर बरे व्हाल असा पोकळ दिलासा देऊ नका. महिनोन्‌महिने त्याच भिंती पाहणाऱ्याला खिडकीतून काही दिसू द्या, फुले ठेवा, एखादा पक्षी पाळू द्या. अशा गोष्टी त्यांनी त्यात सांगितल्या आहेत. घरी नातेवाईक आजारी असेल, तर यांतले काय आपण करतो आणि काय करत नाही, ते पाहा.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. त्याच सुमारास त्यांचे लक्ष हिंदुस्थानकडे वळले. त्या आपल्या देशात कधीच आल्या नाहीत. मग माहिती कशी मिळवली? त्यांनी प्रश्नांचा एक छापील तक्ता तयार केला. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, किती माणसे एका खोलीत झोपतात, असे प्रश्न बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील छावण्यांना गेले. उत्तरांचे ढीग लंडनला आले आणि त्यांनी ते पलंगावर बसून तपासले. १८६३ चा अहवाल सांगतो की येथील गोऱ्या सैनिकांत दर वर्षी हजारी ६९ मरत होते. १८७३ पर्यंत हा आकडा १८ वर आला. सरकारला काळजी होती ती आपल्या सैनिकांची. फ्लॉरेन्स मात्र पुढे गेल्या. शेजारचे गाव घाणीत असेल तर छावणी स्वच्छ ठेवून उपयोग नाही, असे त्यांनी बजावले. नंतर त्या येथील दुष्काळ, पाटबंधारे आणि शेतकऱ्यांचे कर्ज यांवरही लिहीत राहिल्या.

आज भारतातील परिचारिका पीएच.डी.पर्यंत शिकतात. प्रश्नावली कशी करावी, नोंदी कशा ताडून पाहाव्यात, मधुमेहासारख्या कायमच्या दुखण्यात रोग्याला कसे सांभाळावे, हे त्यांना संशोधनात पाहावे लागते. लंडनच्या त्या खोलीत पलंगावर पसरलेले कागद याच प्रश्नांचे होते.

म्हातारपणी फ्लॉरेन्स यांची दृष्टी गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबी येथे थोरामोठ्यांच्या शेजारी दफन करण्याची तयारी सरकारने दाखवली, पण घरच्यांनी नकार दिला. ईस्ट वेलो या खेड्यात आईवडिलांजवळ त्यांची कबर आहे. दगडावर त्यांच्यासाठी नावाची दोन अक्षरे, एफ. आणि एन., आणि जन्ममृत्यूची वर्षे कोरलेली आहेत.