तेलकट हातांचा इंजिनिअर : एलायजा मॅकॉय



गेल्या वर्षी चौथीला ‘माझे बाबा’ हा निबंध दिला होता. एका मुलाने बाबांचं नाव, गाव, आवडता पदार्थ, सगळं छान लिहिलं होतं. फक्त बाबा काय काम करतात ही ओळ रिकामी सोडली होती. मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारलं, तेव्हा मान खाली घालून म्हणाला की बाबांचे हात कायम काळे असतात, पोरं हसतात. त्याचे वडील उसाच्या ट्रॉल्यांची चाकं खोलून बेअरिंगमध्ये ग्रीस भरतात. कारखान्याचा हंगाम जवळ आला की त्यांना जेवायलाही फुरसत नसते.

खरं सांगते, त्या वेळी मला काही बोलायला सुचलं नाही. रात्री मात्र एलायजा मॅकॉय आठवले आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात मी त्यांचीच गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमच्या वर्गातही एखादं मूल ती ओळ रिकामी सोडत असेल.

आधी वंगणाबद्दल थोडं

दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात चोळून बघा. गरम लागतात ना? हे घर्षण. आता तळहातावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन पुन्हा चोळा. हात सटकतात आणि तेवढे तापत नाहीत. दोन पृष्ठभागांच्या मधे तेलाचा पातळ थर आला, एवढाच फरक. यंत्राच्या बाबतीतही हेच घडतं. तेल किंवा ग्रीस नसेल तर लोखंडावर लोखंड घासतं, तापतं, झिजतं आणि शेवटी अडकून बसतं. बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय आपले आजोबा गाडी रस्त्यावर काढत नसत, ते याचसाठी.

आता दीडशे वर्षांपूर्वीच्या वाफेच्या रेल्वे इंजिनाचा विचार करा. सिलिंडरमध्ये दट्ट्या सारखा पुढे-मागे सरकतोय, आत तापलेली वाफ, बाहेर फिरणारे दांडे आणि चाकं. या सगळ्याला तेल हवं. त्यासाठी बऱ्याचदा गाडी थांबवावी लागे. मग तेलाचा डबा घेऊन एक माणूस खाली उतरून प्रत्येक सांध्यात तेल घालत फिरायचा. डब्यांच्या आसापाशी तेलात भिजवलेले सुताचे बोळे कोंबलेले असत. ते कोरडे पडले तर आस लालबुंद तापायचा, कधी आग लागायची, कधी आस मोडून डबा घसरायचा. म्हणजे तेल घालणाऱ्या त्या माणसाच्या हातात सगळ्या प्रवाशांचा जीव असायचा, पण त्याचं नाव कुणालाच माहीत नसायचं.

जन्म आणि बालपण

एलायजा यांचा जन्म २ मे १८४४ रोजी कॅनडातल्या ऑन्टारिओ भागात कोलचेस्टर इथे झाला. आई मिल्ड्रेड आणि वडील जॉर्ज हे दोघेही अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गुलाम होते. तिथे माणसांची विक्री व्हायची, जनावरांसारखी. हे दोघे जीव मुठीत धरून पळाले. पळून आलेल्या गुलामांना लपवत, एका घरातून दुसऱ्या घरात पोचवत, सरहद्दीपलीकडे सोडणाऱ्या लोकांची एक गुप्त साखळी होती. तिच्या मदतीने ते कॅनडात पोचले आणि तिथे शेती करू लागले. घरात बारा भावंडं.

एलायजाला लहानपणापासून वस्तू खोलून बघायचा नाद. आपल्या वर्गातही अशी मुलं असतात. पेनाची स्प्रिंग काढून बसतात आणि आपला ओरडा खातात! एलायजाच्या आई-वडिलांनी मात्र तो नाद ओळखला. स्वतः गुलामीतून आलेले, खाणारी तोंडं एवढी, तरीही पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पंधरा वर्षांच्या मुलाला जहाजाने समुद्रापार स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरी पाठवलं. पालकहो, इथे क्षणभर थांबा. ज्यांना स्वतःला शिकायची मुभा नव्हती, त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी केवढी उडी घेतली!

एडिंबऱ्यात एलायजा यांनी उमेदवारी करत यंत्रविद्येचं शिक्षण घेतलं आणि मेकॅनिकल इंजिनिअर होऊन ते परतले.

शिक्षण इंजिनिअरचं, काम कोळशाचं

ते परत आले तोवर कुटुंब अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी गावी राहायला आलं होतं. १८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण ती लोकांच्या मनातून गेली नव्हती. एलायजा यांच्या हातात इंजिनिअरचं शिक्षण होतं, तरी त्यांच्या कातडीचा रंग पाहून कुणी त्यांना इंजिनिअरची जागा देईना. शेवटी मिशिगन सेंट्रल रेल्वेत नोकरी मिळाली ती कोळसा टाकणाऱ्याची आणि तेल घालणाऱ्याची. भट्टीत फावड्याने कोळसा ढकलायचा आणि गाडी थांबली की डबा घेऊन खाली उतरायचं.

इथे दुसरा कुणी असता तर कडवट होऊन बसला असता, आणि त्यात त्याची चूकही नसती. एलायजा यांच्या बाबतीत वेगळं घडलं. रोज तेच काम करताना त्यांच्यातला इंजिनिअर जागाच राहिला. तेलासाठी गाडी थांबवावीच का लागते, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्याला हा प्रश्न पडला नसता, कारण त्याला खाली उतरावं लागत नव्हतं. अन्याय तो अन्यायच, त्याला चांगलं म्हणायचं कारण नाही. पण त्या अन्यायाने दिलेल्या जागेवर उभं राहूनही त्यांनी आपली बुद्धी गंजू दिली नाही.

१८७२ : एक पेटंट, एक दुःख

उत्तर त्यांनी घरच्या लहानशा कार्यशाळेत शोधलं. सिलिंडरवर बसणारा तेलाचा एक कप. त्यात अशी झडप की वाफेच्याच दाबाने ती उघडावी आणि तेल आपोआप आत उतरावं. यंत्र चालू असतानाच यंत्राला तेल मिळणार! २३ जुलै १८७२ रोजी त्यांना या वंगणयंत्राचं पेटंट मिळालं.

मुलांना हे सांगताना एक काळजी घ्या. आपोआप तेल घालायचा विचार जगात फक्त मॅकॉय यांनाच सुचला, असं सांगू नका. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० मध्येच एक वंगणयंत्र केलं होतं. शोध हे असेच असतात. एक जण पायरी बांधतो, दुसरा पुढची. मॅकॉय यांचं मोठेपण असं की ते एका पायरीवर थांबले नाहीत, पुढची चाळीसहून अधिक वर्षं तेच यंत्र सुधारत राहिले.

याच १८७२ साली त्यांची पत्नी अ‍ॅन वारली. लग्नाला जेमतेम चार वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी त्यांनी मेरी डेलॅनी यांच्याशी लग्न केलं. मेरीबाईही साध्या नव्हत्या. डेट्रॉइट शहरात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांचं काम त्यांनी उभं केलं आणि निराधार वृद्ध स्त्रियांसाठीचं घर सुरू करण्यात त्यांचा वाटा होता.

नाव दुसऱ्याचं, काम यांचं

१८८२ मध्ये हे जोडपं डेट्रॉइटला आलं. मॅकॉय यांच्या नावावर एकूण ५७ च्या आसपास पेटंट आहेत. बहुतेक वंगणाचीच. त्याखेरीज १८७४ मध्ये कपड्यांना इस्त्री करायचं टेबल आणि १८९९ मध्ये हिरवळीवर पाणी उडवणारा फवाराही त्यांनी केला.

पण कारखाना काढायला भांडवल लागतं आणि ते त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून पेटंटचे हक्क, कधी पूर्ण तर कधी अर्धे, दुसऱ्यांना देऊन पैसे उभे करायचे आणि त्यातून पुढचं काम करायचं, असं चाललं. परिणाम असा की त्यांची यंत्रं कित्येक इंजिनांवर बसली, पण बऱ्याच यंत्रांवर त्यांचं नाव नव्हतं.

काळ बदलला. इंजिनं मोठी झाली, वाफ आणखी तापवून वापरू लागले. त्या उष्णतेत साधं तेल टिकेना. तेव्हा तेलात ग्राफाइटची पूड मिसळायचा उपाय पुढे आला, पण पूड साचून नळ्या तुंबायच्या. मॅकॉय यांनी न तुंबणारं ग्राफाइटचं वंगणयंत्र केलं आणि १९१५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा ते ७० वर्षांचे होते. आपलं सर्वांत चांगलं काम ते यालाच मानत. अखेर १९२० मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी निघाली. वय वर्षे ७६!

सुख फार टिकलं नाही. १९२२ मध्ये मोटार अपघातात दोघे पती-पत्नी जबर जखमी झाले. मेरीबाई त्यातून वाचल्या नाहीत. एलायजा यांची तब्येतही खालावतच गेली आणि १० ऑक्टोबर १९२९ रोजी डेट्रॉइटजवळच्या एलोइज इथल्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान यादीत त्यांचं नाव आलं. २०१२ मध्ये डेट्रॉइटला पेटंटचं सरकारी कार्यालय सुरू झालं, त्याला त्यांचंच नाव दिलं आहे.

एक दंतकथा

इंग्रजीत अस्सल वस्तूला ‘द रिअल मॅकॉय’ म्हणतात. रेल्वेवाले नकली यंत्र नको, मॅकॉयचंच द्या असं मागायचे, त्यावरून हा शब्द आला, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. ऐकायला गोड आहे. पण याच अर्थाचा ‘रिअल मॅकाय’ हा शब्दप्रयोग स्कॉटलंडमध्ये १८५६ सालीच छापलेला सापडतो. तेव्हा एलायजा बारा वर्षांचा होता! म्हणून मी वर्गात ही गोष्ट दंतकथा म्हणूनच सांगते. त्यांच्या मोठेपणाला तिची गरजही नाही.

मग त्या मुलाचं काय झालं?

गोष्ट सांगून झाल्यावर मी त्याच्या बाबांना शाळेत यायची विनंती केली. ते आधी संकोचले, पण आले. सोबत ट्रॉलीचं जुनं बेअरिंग, डिझेलचा डबा आणि ग्रीस. मुलं गोल करून बसली.

चाक जॅकवर उचलून आधी हाताने फिरवायचं आणि कान देऊन ऐकायचं, खरखर येते का. मग टोपी, पिन आणि नट काढून बेअरिंग बाहेर घ्यायचं. डिझेलने स्वच्छ धुऊन कोरडं करायचं. रोलरवर खड्डे किंवा तापल्याचा निळसर डाग दिसला तर ते बेअरिंग पुन्हा बसवायचं नाही, नवंच घालायचं. ग्रीस नुसतं वरून फासून भागत नाही. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. जुन्यावर नवं ग्रीस चोपडायचं नाही. सील नवं घालायचं. शेवटी चाक फिरवत नट आवळायचा आणि मग किंचित सैल करायचा. जास्त आवळला तर बेअरिंग तापतं, सैल राहिला तर चाक डुगडुगतं. पिनही नवीनच.

ते बेअरिंग शंकूसारख्या उतरत्या रोलरचं होतं. अशा बेअरिंगचं पेटंट १८९८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस गावचे घोडागाडी बनवणारे हेन्री टिमकेन यांना मिळालं. वरून येणारं वजन आणि वळणावर बाजूने बसणारा रेटा, दोन्ही ते पेलतं. परदेशात लोक मोटारीमागे चाकांवरचं घर ओढून सहलीला जातात, त्या ट्रेलरच्या चाकातही बहुधा हेच असतं. तिथेही वर्षाला एकदा किंवा सुमारे १९,००० किलोमीटरला बेअरिंग खोलून ग्रीस भरायला सांगतात. न भरलं तर भर रस्त्यात चाक निखळून पडू शकतं. उसाच्या भरल्या ट्रॉलीचं तसं झालं तर काय होईल, हे आपल्या मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

बाबा गेल्यावर मुलांनी त्यांना विचारायचे राहिलेले प्रश्न त्या मुलालाच विचारले. तोही ऐटीत उत्तरं देत होता. वही त्याने आपणहून मागून घेतली.

वर्गात करून बघा

१. तळहात चोळण्याचा प्रयोग, आधी कोरड्या हातांनी, मग तेल लावून.

२. दप्तराची अडकणारी चेन घ्या आणि तिच्या दातांवर पेन्सिलचं टोक घासा. चेन सरकते. पेन्सिलमधलं ग्राफाइट ते हेच, मॅकॉय यांच्या १९१५ च्या यंत्रातलं.

३. घरातली, गावातली कोणती कामं कुणी केली नाहीत तर सगळं थांबेल, याची यादी मुलांकडून करून घ्या. त्या माणसांची नावंही लिहायला सांगा.

पालकहो, तुमच्या हाताला ग्रीस, माती, रंग, पीठ, काहीही लागत असो. तुम्ही काय काम करता ते मुलांना एकदा नीट दाखवा. नुसतं सांगू नका, हातात देऊन दाखवा.

उपक्रम केलात तर मुलांचे अनुभव नक्की कळवा.