हक्काच्या घासाचे राखणदार : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

कर्मवीर भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. परमपूज्य बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी आणि १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे खंबीर संघटक म्हणून त्यांचे नाव घरोघरी घेतले जाते. त्यांच्या कार्याची आणखी एक बाजू नव्या पिढीला सांगणे अगत्याचे आहे. गरिबाला शासनाकडून मिळणारा आधार काढून घेतला जाऊ लागला, की दादासाहेब त्याच्या बाजूने उभे राहत.

वतनाची जमीन म्हणजे गावकीच्या राबणुकीचे तुटपुंजे मोल. मुंबई सरकारने त्यावरही वाढीव कर लादला, तेव्हा १९४१ साली सिन्नर येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषद भरली व कराला कडाडून विरोध झाला. नाशिक जिल्ह्यातील चळवळीची धुरा त्या काळात दादासाहेबांच्या खांद्यावर होती. आधीच अपुऱ्या मिळकतीला कात्री लागली तर काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

खरी कसोटी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. त्यामुळे दीक्षा घेणाऱ्यांच्या शिष्यवृत्त्या व नोकऱ्यांतील राखीव जागा धोक्यात आल्या. माणसाने धम्म स्वीकारला म्हणून त्याची भूमिहीनता संपली नव्हती, की गावाने त्याला दिलेली वागणूक बदलली नव्हती. शिष्यवृत्ती थांबली की मुलाचे शिक्षण थांबणार, हे उघड होते. श्रद्धा आणि भाकरी यांपैकी एक निवडण्याची पाळी गरिबावर आणणे दादासाहेबांना अन्यायाचे वाटले.

१९५७ ते १९६२ लोकसभेत व पुढे राज्यसभेत त्यांनी दलित-श्रमिकांची बाजू मांडली. १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. ६ डिसेंबर १९६४ रोजी देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. कसणाऱ्याला व भूमिहीनाला जमीन, रास्त दरात धान्य, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांनी अटक करवून घेतली. तान्ही मुले कडेवर घेऊन माता तुरुंगात गेल्या.

महाराष्ट्र राज्याने १९६० साली बौद्धांना सवलती लागू केल्या होत्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा बदलला. दादासाहेबांचे २९ डिसेंबर १९७१ रोजी निधन झाले होते. तो दिवस त्यांना पाहता आला नाही. त्यांच्या नावाने २००४ पासून चालणाऱ्या सबलीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. विधवा व परित्यक्ता भगिनींना त्यात प्राधान्य आहे.

आमच्या वसतिगृहात शिकून गेलेल्या अनेकांच्या शिक्षणामागे शिष्यवृत्तीचा आधार होता. बिबवेवाडी-अप्पर परिसरात आजही कित्येक वृद्ध, विधवा व दिव्यांग बांधवांची चूल संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या अनुदानावर पेटते. एखादा दाखला अपुरा राहिला म्हणून कोणाचे अनुदान बंद पडले, तर शिकलेल्या माजी विद्यार्थ्याने त्या वृद्धासोबत तहसील कार्यालयाची पायरी चढावी. दादासाहेबांना याहून योग्य अभिवादन कोणते असणार?