हॅरॉल्ड मॅन

डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन (१८७२–१९६१) हे इंग्रज कृषिरसायनशास्त्रज्ञ आणि ग्रामीण अर्थव्यवस्थेचे अभ्यासक होते. नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा त्यांनी केलेला अभ्यास हा महाराष्ट्रातील या प्रश्नाच्या आरंभीच्या शास्त्रीय अभ्यासांपैकी एक होय.

प्रारंभिक जीवन

मॅन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. लीड्स येथील यॉर्कशायर महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्यांनी कृषिरसायनशास्त्रात संशोधन केले. १९०० मध्ये भारतीय चहा संघाचे शास्त्रीय अधिकारी म्हणून ते भारतात आले. १९०७ मध्ये ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

क्षारपड जमिनींचा अभ्यास

१८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती परिसरात ज्वारी-बाजरीच्या जोडीला उसाची लागवड वाढली. कोरडवाहू भागाला कालवा हे वरदानच होते. परंतु खोल काळ्या जमिनीत अतिरिक्त पाण्याचा निचरा होईना. भूजलपातळी वर आली, पाण्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागाकडे चढले आणि बाष्पीभवनानंतर पांढऱ्या थराच्या रूपाने मागे राहिले. मॅन व व्ही. ए. ताम्हणे यांनी या जमिनींची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केला.

जमिनीतील क्षार वाढले की मुळांना पाणी शोषणे कठीण जाते. उगवण विरळ होते, पानांची टोके करपतात आणि दाणा भरत नाही. तृणधान्यांपैकी सातू क्षार बराच सहन करतो, तर भाताचे रोप कोवळेपणी व फुलोऱ्यात नाजूक असते. तथापि केवळ सोशिक वाण पेरून अशी जमीन सुधारत नाही. चर खणून पाण्याला वाट करून देणे, क्षार धुऊन काढणे आणि कालव्याचे पाणी बेताने वापरणे हे मूळ उपाय ठरतात. पुढे १९१६ मध्ये सिंचन व निचऱ्याच्या प्रश्नांसाठी सरकारने स्वतंत्र विभाग स्थापन केला. आजची खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच विकसित झाली.

ग्रामीण पाहणी

शेतीच्या दुरवस्थेची कारणे मॅन यांनी केवळ मातीत शोधली नाहीत. सहकाऱ्यांसह त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची जमीनधारणा, कर्ज व उत्पन्न यांच्या अंगाने पाहणी केली. ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. वारसाहक्काने होणारे जमिनीचे तुकडे आणि कर्जबाजारीपणा हे त्या पाहणीतील प्रमुख विषय होते. जातेगाव बुद्रुक येथील दुसरी पाहणी त्यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्यासह केली. ती १९२१ मध्ये प्रकाशित झाली.

उत्तरायुष्य

मुंबई इलाख्याचे शेतकी संचालकपद भूषवून मॅन १९२७ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी इंग्लंडमधील वोबर्न प्रयोगक्षेत्रावर दीर्घकाळ काम केले. तेथे अमोनियम सल्फेटच्या सततच्या वापराने जमीन आम्लधर्मी होऊन गहू व सातू खुंटले होते आणि चुना घातल्यावर पिके सावरली होती. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय शेतीच्या सामाजिक बाजूविषयीचे त्यांचे निवडक लेख डॅनियल थॉर्नर यांनी संपादित केले व ते १९६७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.