पार्लमेंटाच्या दारी गेलेला मुंबईकरांचा अर्ज आणि नाना शंकरशेट

आपल्या दैवज्ञ ज्ञातीस ललामभूत झालेल्या नामदार जगन्नाथ शंकरशेट यांच्या दातृत्वाच्या कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु 1852 साली त्यांच्या पुढारीपणाखाली विलायतेच्या पार्लमेंटाकडे गेलेल्या अर्जाची हकीकत तितकी परिचित नाही. म्हणून त्यांचे पुण्यस्मरण करताना तिचा विशेष परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

नानांचा जन्म मुरबाडच्या मुरकुटे घराण्यात 10 फेब्रुवारी 1803 रोजी झाला. 1822 साली पितृछत्र हरपले आणि ऐन तारुण्यात पेढीचा सारा भार त्यांच्या शिरावर आला. तथापि द्रव्यसंचय हीच जीविताची इतिकर्तव्यता त्यांनी मानिली नाही. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे सभासद असताना अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा सारा भर इंग्रजीवर होता. सामान्य जनांस ज्ञान मिळावयाचे तर ते मातृभाषेतूनच मिळेल, हे मत नानांनी अशा बड्या न्यायाधीशापुढेही निर्भयपणे मांडिले. पुढे स्त्रीशिक्षणाच्या नावाने लोक नाके मुरडीत असता त्यांनी आपल्याच वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली.

कंपनी सरकारच्या सनदेची वीस वर्षांची मुदत सरत आली, तेव्हा नव्या व्यवस्थेत रयतेची दाद कोण लावणार, हा प्रश्न उभा राहिला. 26 ऑगस्ट 1852 रोजी नानांच्या अध्यक्षतेखाली सभा भरून ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांनी चिटणीसपद सांभाळिले. हिंदू, पारशी, मुसलमान असे सर्व धर्मांचे लोक एकत्र आले. कायदेमंडळात एतद्देशीयांस स्थान असावे, मोठ्या हुद्द्यांची दारे त्यांस खुली व्हावी, राज्यकारभाराचा अवाढव्य खर्च कमी व्हावा, अशा मागण्या अर्जात केल्या होत्या. अर्जाची भाषा कित्येक धनिकांस कडक वाटली व त्यांनी अंग काढून घेतले. सरकारी मर्जीवर ज्यांचा मानमरातब अवलंबून, त्यांस हे धैर्य सोपे नव्हते. नाना मात्र ढळले नाहीत.

फळ तात्काळ मिळाले नाही. 1853 च्या कायद्याने मुलकी नोकरीसाठी स्पर्धापरीक्षा आली, पण ती विलायतेत. आणि कायदेमंडळात हिंदी माणसास जागा मिळाली नाहीच. तीही 1861 च्या कायद्याने खुली झाली आणि 1862 साली मुंबईच्या कायदेमंडळात स्वतः नानांची नेमणूक झाली. दहा वर्षांपूर्वी जे मागितले, त्याचा एक अंश तरी त्यांस डोळ्यांनी पाहावयास मिळाला. 31 जुलै 1865 रोजी ते कैलासवासी झाले.

नाना आमचे, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. परंतु त्यांनी जे मागितले ते केवळ ज्ञातीसाठी नव्हे, सर्व रयतेसाठी मागितले. त्यांच्या तसबिरीस हार घालणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानी ठेविले, तरच त्यांचे स्मरण सार्थ होईल.